अंटार्क्टिकावाल्या साहेबांचा पुतळा

धाकू जन्मभर गणपती घडवणारा. मुलुंडच्या चौकात अंटार्क्टिका पालथं घालणाऱ्या त्या नामी साहेबांचा पुतळा बसवायचा ठरला, आणि काम याच्या गळ्यात पडलं. मंडळाने फोटो दिला तो बर्फातला, नुसती टोपी आणि गॉगल. साहेबांच्या घरीही दुसरा नव्हता म्हणे. मग काय, धाकूने आपल्या गिरणी कामगार बापाचा चेहरा लावून टाकला.

उद्घाटनाला साहेबांची म्हातारी बायको पार्ल्याहून आली, तशी धाकूची पाचावर धारण बसली. पडदा सरकला. आजी बघतच राहिली. मग धाकूला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "हे आमचे नव्हेत रे."

"चुकलं आजी. डोकं काढून नवीन बसवतो."

"नको, राहू दे. हे रोज संध्याकाळी घरी येणारे दिसतायत."