हेमांगीच्या पेनड्राइव्हमधला प्रभंजन

मोरेश्वर व्हायरसपुढे हरला. पण ते झालंच नाही असं धरून चालू, कारण आत्ता तो दुरुस्तीच्या दुकानात मोठ्या ऐटीत उभा होता.

त्याच्या बायकोनं, हेमांगीनं, मंगळसूत्रात ओवलेला आठवणींचा पेनड्राइव्ह काढून दुकानवाल्या शाहीनपुढे ठेवला.

“लग्नाच्या हॉलवर नणंदेच्या आठवणी कॉपी करताना लॉक लावलं नव्हतंत ना, ताई?” शाहीन म्हणाली. “व्हायरस शिरलाय. खऱ्या आठवणी लपवून त्यानं खोट्या टाकल्यात. सगळीकडे हाच एक माणूस.”

पडद्यावर प्रभंजन नावाचा देखणा गृहस्थ हेमांगीला माथेरानच्या घोड्यावर बसवत होता.

“घोडा मी केला होता!” मोरेश्वर भडकला.

शाहीननं लपलेली खरी आठवण उघडली. घोड्यावर मोरेश्वर होता. मागून दोन्ही बॅगा घेऊन हेमांगी चालत होती.

“माझी कंबर धरली होती,” तो पुटपुटला. “उडव गं त्याला!”

“हा माणूस जगात नाहीच, दादा. एक बटण दाबलं की गेला. फक्त ताईंची परवानगी लागेल.”

हेमांगीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. प्रभंजन खाली बसून तिच्या चपलेतला खडा काढत होता.

“लॉक आता लाव,” ती शाहीनला म्हणाली. “याला कुणी हात लावता कामा नये.”

घरी येऊन मोरेश्वरनं व्हायरस निर्मूलन कार्यालयाला अर्ज लिहिला: ‘तरी सदर व्हायरसमध्ये श्री. प्रभंजन यांच्या जागी अर्जदाराचा चेहरा बसवून तो अर्जदाराच्या पत्नीच्या पेनड्राइव्हमध्ये पुन्हा सोडण्यात यावा, ही नम्र विनंती.’