अर्धा तास जादा

एकोणीस वर्षं व्हिसासाठी हेलपाटे घालून थोरली बहीण मेटाकुटीला आली होती. यंदा दोन्ही शेजारी देशांनी मिळून फुटबॉलची स्पर्धा भरवली आणि नियम निघाला: तिकीटवाल्यांना व्हिसा नको, फक्त सामना संपला की थेट परतीची बस. थोरलीने तिकीट काढलं. सीमेपलीकडच्या धाकटीने शेजारची खुर्ची घेतली.

"बरोबरी झाली तर?" धाकटीने दारावरच्या तपासनिसाला विचारलं.

"अर्धा तास जादा खेळवतात, मावशी."

फोनवर सांगता न येणारं सगळं दोघी बोलत राहिल्या. आईच्या आजारपणापर्यंत आल्या, तेव्हा बरोबरीच होती. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि अख्खं स्टेडियम नाचायला लागलं.



थोरलीने पिशवी उचलली. "मेल्याला आत्ताच सुचायचं होतं. आई जाताना काय म्हणाली, तेवढं चालता चालता सांग."