पेरलेलं मीठ

“मीठ सांडू नये गं, वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं,” वैजयंतीबाईंची आई सांगायची. आज लीड्समध्ये जोरदार बर्फाची वॉर्निंग होती, भुरभुर सुरूही झाली होती. निसरडं होऊ नये म्हणून सत्तरीच्या वैजयंतीबाई फाटकापासून उंबऱ्यापर्यंत मूठमूठ मीठ पेरत होत्या.

डोअरबेलच्या कॅमेऱ्यातून दूर वॉटफर्डला राहणाऱ्या लेकाचा आवाज आला, “आई, आत जा! पडशील ना! एवढ्या बर्फात तुला जायचंय तरी कुठं?”

“मला कुठं जायचंय रे, जय!”

तीन हिवाळे वैजयंतीबाई त्याला फोनवर एकच सांगत आल्या होत्या, ‘मी मजेत आहे, रस्ते वाईट आहेत, तू नको येऊस.’ आज त्या कॅमेऱ्यापाशी आल्या.


“तुझ्या पायांखाली टाकलंय, बाळा. वेचीन मी पापण्यांनी. बर्फ थांबला की तू ये.”