नलूकाकीची साक्ष

हर्षवर्धन नलूकाकीच्या पाया पडला तेव्हा अख्खा तिसरा मजला आपापल्या दारात उभा राहून बघत होता.

बघण्यासारखंच होतं. सहा वर्षांपूर्वी याच माणसाच्या साक्षीवर काकीच्या नवऱ्याला, अण्णांना, जन्मठेप झाली होती. घोडपदेवचं एक गोदाम जळालं, आत झोपलेला हमाल गेला. "दोन वर्षं मी त्या गोदामातच राहत होतो. अण्णांना आग लावताना पाहिलं," असं हा कोर्टात बोलला. चाळ म्हणाली, खोटारडा. गोदामाच्या मालकाने विकत घेतलाय.

आता नायगावची चाळ पडणार होती, टॉवरमध्ये घर मिळणार होतं. पण इथल्या हर्षवर्धनच्या खोलीची नेमकी त्याच दोन वर्षांची वीजबिलं शून्याची. खोली बंद होती, अशी कुणीतरी तक्रारही ठोकली. तो तेव्हा इथेच होता असं शेजारी सांगेल, तरच घर.

आणि शेजारी म्हणजे नलूकाकी. बाहेर जाणारा जो तो किल्ली तिच्याकडे टाकून जाई. तिच्या दारामागच्या खिळ्यांवर सगळा मजला टांगलेला. कोण घरात, कोण बाहेर, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"काकी, कोर्टाचं कोर्टात राहू दे," तो म्हणाला. "बायकोपोरींना घेऊन कुठे जाऊ?"

"बघते," काकी म्हणाली.

मजला खूश. म्हातारी आता याला रस्त्यावर आणणार, म्हणून समोरच्या राधाबाईने पेढ्यांची तयारी ठेवली.

घराच्या पात्रतेच्या सुनावणीला काकी इस्त्रीची साडी नेसून गेली. साहेबांनी विचारलं, ती दोन वर्षं हे इथे होते का?

"एक दिवस बाहेर नाही, साहेब. भांड्यांचा आवाज यायचा ना भिंतीतून."

मीटर बंद पडला होता, हेही तिनेच सांगितलं. हर्षवर्धन रडायलाच लागला. त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं: ती दोन वर्षं सलग नायगावातच राहिलो, इतरत्र कुठेही नाही. त्याने घाईघाईत सही ठोकली. साक्षीदार म्हणून काकीने खाली सही केली आणि एक नक्कल मागून घेतली.

राधाबाई तिच्याशी बोलेनाशी झाली.

दोन दिवसांनी काकी फणसवाडीत, अण्णांचं अपील चालवणाऱ्या वकील इरावतीबाईंकडे गेली. त्यांनी नक्कल दोनदा वाचली, चष्मा काढला.

"गोदामात राहतच नव्हता, तर पाहिलं काय याने? काकी, अण्णा सुटतील. आणि खोट्या साक्षीपायी हा आत जाईल. उशिरा का होईना, न्याय झाला."

"झाला," काकी म्हणाली.

घरी आल्यावर तिने दारामागची एक किल्ली काढली आणि कांद्याच्या सालींबरोबर कचऱ्यात टाकली. ती दोन वर्षं दर शनिवारी, याच किल्लीने ती हर्षवर्धनची रिकामी खोली उघडून झाडून घ्यायची.