तळहाताचा काटा

महिनाभर डोकं लावून मदिहानं नव्या कम्प्युटरच्या एकेका भागाची यादी केली होती. धाराशिवच्या दुकानात सगळं जुळत आलं, तेवढ्यात बेंबळीत विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या अब्बांनी यादीतला रंगीत दिवे लावलेला पॉवर सप्लाय, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तळहातावर तोलला. “लई हलका हाय. आत तांबंच न्हाय.” दुकानदार हसला. “चाचा, ही काय पाण्याची मोटार हाय?” मदिहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अब्बांनी भरलेली मोटार कधी जळली नव्हती. तिनं यादीतली ती ओळ खोडली. “अब्बा, तुम्हीच निवडा.” त्यांनी सगळ्यांत जड, बिनदिव्याचा डबा उचलला. जोडणी झाली, स्क्रीन उजळली आणि पापणी लवायच्या आत लाइट जाऊन आली. दुकानातले सगळे कम्प्युटर बंद पडले. मदिहाचा तेवढा दिमाखात चालू राहिला. दुकानदारानं दुसरा डबा अब्बांच्या तळहातावर ठेवला. “चाचा, दुकानासाठी हा चालंल का?”