नूतनताईंची सॅक

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लडाखच्या चढाईसाठी निवड झालेल्या नर्स नूतनताई बालाघाटहून बसनं गोंदियाला पोचल्या, तर डिकीतली त्यांची सॅक गायब! बूट, गरम कपडे, फिटनेसचं सर्टिफिकेट, सगळं तिच्यातच. शोधाशोधीत दिल्लीची गाडी चुकली, तुकडी पुढे गेली आणि त्या परत स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

नवरा, गुणाकर, रोज समजूत काढायचा, "काहून रडून राह्यली? देवाच्याच मनात नव्हतं."

आठव्या दिवशी कंडक्टरचा फोन आला.

"मॅडम, तक्रार मागे घ्या ना. माझी नोकरी जाऊन राह्यली."

"अन् माझी सॅक, भाऊ?"


"ड्रायव्हर आजच सुटीवरून आला. तो म्हणते, वाटेत राजेगावले बस थांबली तवा तुमचे मिस्टरच मोटरसायकलवर आले अन् सॅक उतरवून घेऊन गेले."