मुकी मुलाखत

"आवाज बंद!" सरांनी फर्मावलं आणि पहिल्या बाकावरच्या टायवाल्या विद्यार्थ्याने लगबगीने रिमोट दाबला.

मुलाखतीच्या क्लासमधली ही सरांची खासियत होती. एकेकाला आतल्या खोलीत एकटं बसवायचं. समोर स्टँडवर मोबाइल, भिंतीवर नेहमीचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने चिकटवलेले. त्यांची उत्तरं देऊन बाहेर आलं, की सगळ्यांदेखत तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचा, पण मुका. माणूस काय बोलतो याला जगात कोणी विचारत नाही, तो कसा बसतो आणि कसा हसतो यावर नोकरी मिळते, हे सरांचं ब्रह्मज्ञान. ते त्यांना कुठे झालं कोण जाणे. स्वतः सर कधी कुठल्या नोकरीत टिकल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिला या सगळ्याची किळस यायची. पदव्या घेतलेली थोराड पोरं, आणि हनुवटी किती वर धरायची ते वहीत लिहून घेत होती! टायवाला तर रोज आरशासमोर हसायचा सराव करायचा, आणि वर ते कौतुकाने सांगायचा. पण ती तरी कुठे उठून जात होती? काल जेवताना वहिनीने सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "या वेळी नाही झालं तर गुपचूप माझ्या दुकानात येऊन बस. उशांना अभ्रे चढवायला माणूस हवंच आहे." दादा खाली मान घालून जेवत राहिला. आणि आज कंपनीच्या बाई स्वतः आल्या होत्या. क्लासमधल्या एकाला निवडून थेट कामावर घेणार होत्या.

पडद्यावर ती दिसू लागली. पाठ ताठ, हात मांडीवर, ओठांवर बेताचं हसू.

"बघा, बघा!" सर खुर्चीतून अर्धे उठले. "स्वतःची उणीव सांगतेय. चेहऱ्यावर काय नम्रता आहे!"

तिच्या कानशिलांना घाम फुटला. व्हिडिओतल्या त्या क्षणी ती म्हणाली होती, 'माझी उणीव एकच, मी या गाढवाला सर म्हणते.'

आत जाताना असलं काही तिच्या मनातही नव्हतं. पाठ केलेली उत्तरं तयार होती. पण पहिलंच वाक्य घशात अडकलं. मग तिला वाटलं, ऐकणार आहे कोण? आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना.

"आता सहकाऱ्यांबद्दल बोलतेय," सर म्हणाले. "किती आपुलकी!"

'टायवाल्याला देवाने मान दिली ती टाय बांधायला. वर काही ठेवायचं राहूनच गेलं.'

"आणि हे भविष्याबद्दल. याला म्हणतात आत्मविश्वास."

'पुढे कुठे असेन ते ठाऊक नाही. वहिनीच्या दुकानात नको, एवढंच. त्यासाठी म्हणाल तसं बसेन, म्हणाल तेव्हा दात काढेन.'

"सर," टायवाला मध्येच म्हणाला, "एकदा आवाज लावू या का? ही एवढं बोलतेय तरी काय?"

त्याचा अंगठा बटणावर होता. दुकान, उशा, वहिनीचं तोंड, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"पुन्हा तेच!" सर कडाडले. "इतके दिवस शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी? ठेव तो रिमोट." टायवाला ओशाळून खाली बसला. जन्मात पहिल्यांदा तिला सरांच्या मूर्खपणाबद्दल आदर वाटला.

कंपनीच्या बाई इतका वेळ चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "ही."

सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

जिन्यात बाईंनी तिला थांबवलं. "तुझं रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये होते," त्या म्हणाल्या. "मध्ये नुसतं प्लायवूड आहे."

"मॅडम, मी ते..."

"राहू दे. खरंच तर बोललीस." बाईंच्या आवाजात राग नव्हता. "आमच्याकडे तक्रारीची खिडकी आहे. लोक येतात, तोंडाला येईल ते बोलतात. बहुतेक वेळा चूक आमचीच असते. याआधीच्या दोन्ही मुली आठवड्याभरात रडून पळाल्या. मनात एवढं विष असून चेहऱ्यावरची रेष न हलणारं कोणी मला मिळत नव्हतं."

"मग त्या तक्रारींचं मी करायचं काय?"

"ऐकायच्या."

"आणि?"

"आणि काही नाही. जमेल?"

तिने बाईंकडे पाहिलं. सर बिचारे निव्वळ मूर्ख होते. ही बाई सगळं समजून उमजून करत होती. हिला सुनावायचे शब्द जिभेच्या टोकावर होते, सरांबद्दलच्या शब्दांपेक्षा कितीतरी जहाल. पण अभ्र्यांपेक्षा हे बरं, असं तिने स्वतःला बजावलं, आणि बजावताना स्वतःचीच शिसारी आली.

"जमेल, मॅडम," ती हसून म्हणाली.

बाई तिचा चेहरा निरखत राहिल्या.

"आत्ता मला मनातल्या मनात शिवी दिलीस ना?"

"छे, मॅडम."

"दिलीस. पण दिसली नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारी ये."